शिल्ड गोव्याची, चषक कोलकात्याचा : आयएसएल 2019-20 चे दोन विजेते

2019-20 ची इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही फुटबॉल स्पर्धा कोणी जिंकली, असं विचारलं तर मडगावचा माणूस एफसी गोवा म्हणेल, कोलकात्याचा माणूस एटीके म्हणेल, आणि दोघांच्याही दाव्याला कागदोपत्री आधार आहे. त्या मोसमात बक्षिसं दोन होती. एक लीग विनर्स शिल्ड, दुसरा आयएसएलचा चषक. शिल्ड त्याच वर्षी पहिल्यांदा दिली गेली आणि पहिल्याच वर्षी ती एका संघाकडे आणि चषक दुसऱ्याकडे गेला. गोंधळ तेव्हापासूनचा.

आधी शिल्डचं पाहू, कारण समजायला तीच सोपी. लीगमध्ये दहा संघ होते. प्रत्येकाने उरलेल्या नऊ संघांशी दोन-दोन सामने खेळायचे, एक घरच्या मैदानावर आणि एक समोरच्याच्या. म्हणजे अठरा सामने. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक. अठरा सामने संपल्यावर गुणतक्त्यात जो वर, त्याची शिल्ड. एफसी गोवाने बारा सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, तीन गमावले. 39 गुण. दुसऱ्या क्रमांकावर एटीके, 34 गुण. पाच गुणांची ही आघाडी काठावरची म्हणता येणार नाही. गोव्याने गोल केले 46, म्हणजे सामन्याला सरासरी अडीचहून जास्त.

त्यातही शेवटचा टप्पा गमतीशीर. तीन साखळी सामने बाकी होते, संघ तक्त्यात वरच्या टोकाला होता, आणि अशा वेळी क्लबने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला. सूत्रं आली क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे. मिरांडा गोव्याचे, तिथल्याच डेम्पो क्लबकडून खेळून मोठे झालेले. पुढे काय झालं? हैदराबादला 4-1, मुंबई सिटीला 5-2 आणि 19 फेब्रुवारी 2020 ला जमशेदपूरमध्ये जमशेदपूर एफसीला 5-0. तीन सामन्यांत चौदा गोल. जमशेदपूरच्या त्या विजयानंतर गोव्याला गाठणं कुणालाच शक्य उरलं नाही. शिल्ड तिथेच, फेब्रुवारीत नक्की झाली.

चषकाची वाट इथून पुढे सुरू होते. तेव्हा तक्त्यातले पहिले चार संघ उपांत्य फेरीत जायचे. पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा, प्रत्येक जोडीचे दोन सामने, दोन्हींतले गोल एकत्र मोजायचे. मग एकच अंतिम सामना. आयपीएल पाहणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल, पण एक फरक आहे. आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांना निदान एक पराभव माफ असतो, अंतिम फेरीचं दार दुसऱ्यांदा ठोठावता येतं. आयएसएलमध्ये पहिल्या क्रमांकाला मिळालं ते इतकंच की परतीचा सामना घरच्या मैदानावर. अठरा सामन्यांची पुण्याई एवढ्यावर संपते.

गोव्यासमोर आला चेन्नईचा संघ चेन्नईयिन. या संघाला मोसमाच्या पहिल्या चार सामन्यांत एकही गोल करता आला नव्हता. प्रशिक्षक जॉन ग्रेगरी गेले, ओवेन कॉयल आले आणि संघ असा पालटला की 29 गुणांवर चौथ्या क्रमांकात घुसला. गोव्यापेक्षा दहा गुण कमी. पण उपांत्य फेरीत साखळीतले गुण शून्य होतात. 29 फेब्रुवारीला चेन्नईत चेन्नईयिन 4-1 ने जिंकला. 7 मार्चला फातोर्ड्यात, घरच्या मैदानावर, गोव्याने उलट 4-2 असा दणका दिला, तरी बेरीज 6-5 अशी चेन्नईयिनच्या बाजूची. एका वाईट संध्याकाळची किंमत एवढी. दुसरीकडे एटीके बंगळूरात 0-1 हरला, मग घरी 3-1 जिंकून 3-2 अशा एकूण फरकाने पुढे गेला.

अंतिम सामना 14 मार्च 2020 ला, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर. ठिकाण आधीच जाहीर झालेलं होतं. म्हणजे गोव्याच्या मैदानावर अंतिम सामना आणि त्यात गोवा नाही. त्यात करोनाचे ते पहिले दिवस, त्यामुळे सामना प्रेक्षकांविनाच झाला. हावी हर्नांडेझचे दोन, एडू गार्सियाचा एक, चेन्नईयिनकडून वाल्स्किसचा एक. एटीके 3-1. प्रशिक्षक अंतोनियो हाबास यांच्या या संघाचा हा तिसरा चषक, आधीचे 2014 आणि 2016 चे. आयएसएलच्या अधिकृत भाषेत ‘चॅम्पियन’ तो हाच. गोवा ‘लीग विनर’. दोन्ही शब्द बातमीत शेजारी शेजारी आले की वाचणाऱ्याचा घोळ होणारच.

जुन्या गोवेकराला हा प्रकार विशेष खटकतो, त्याला कारण आहे. आयएसएलच्या आधी देशाची लीग म्हणजे आधी नॅशनल फुटबॉल लीग आणि 2007 पासून आय-लीग. तिथे तक्त्यात पहिला तो विजेता, विषय संपला. इंग्लंड, स्पेन, इटली सगळीकडे हेच चालतं. आणि आय-लीगचे पहिले सहा मोसम, 2007-08 ते 2012-13, एकजात गोव्याच्या क्लबांनी जिंकले : डेम्पो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. ज्या प्रदेशाने तक्त्यावर पहिलं येऊन इतकी विजेतेपदं घेतली, त्याला ‘पहिले आलात, छान, आता पुन्हा खेळा’ हे पचणं अवघडच.

पैशांतही भेद होता आणि तो बोलका होता. त्या मोसमात शिल्डबरोबर मिळाले 50 लाख, चषक जिंकणाऱ्याला 8 कोटी. अठरा सामन्यांच्या कष्टाला अर्धा कोटी आणि तीन सामन्यांच्या बाद फेरीला सोळापट. 2021-22 पासून हे बदललं. शिल्डची रक्कम साडेतीन कोटींवर गेली आणि चषकाची 6 कोटींवर आली. चषक तरीही वरचढ, पण निदान हास्यास्पद नाही.

मात्र शिल्डच्या पारड्यात एक गोष्ट अशी होती की तिच्यापुढे कोटी फिके पडावेत. आशियाई फुटबॉल महासंघाने आखून दिलेल्या नव्या व्यवस्थेनुसार एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेतली जागा मिळणार होती ती साखळीतल्या अव्वल संघाला, चषकविजेत्याला नव्हे. पुढे स्पर्धा 32 वरून 40 संघांची झाली आणि भारताला थेट गट फेरीत जागा आली. एफसी गोवा त्या फेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. एप्रिल 2021 मध्ये गटाचे सामने फातोर्ड्यातच झाले. समोर इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल-रय्यान, अमिरातीचा अल-वाहदा. गोव्याने तीन बरोबऱ्या साधल्या आणि पर्सेपोलिसविरुद्ध एडू बेदियाने भारतीय क्लबचा या फेरीतला पहिला गोल केला. हे सगळं शिल्डमुळे. उपांत्य फेरीच्या त्या बेरजेत गोव्याच्या नावावर आणखी दोन गोल असते आणि चषकही मिळाला असता, तरी आशियाची ही जागा त्यातून आली नसती.

माझं मत विचाराल तर मोसमाचा खरा विजेता शिल्डवालाच. दुखापती, लांबचे प्रवास, निलंबनं, खराब फॉर्म हे सगळं अठरा सामन्यांत प्रत्येकाच्या वाट्याला येतं आणि तरीही जो वर राहतो तो वरचाच असतो. पण चषकाला नावं ठेवणंही मला पटत नाही. शिल्डच एकमेव बक्षीस असती तर चेन्नईयिनचा मोसम डिसेंबरातच संपला असता आणि कॉयल यांची ती धाव कुणी पाहिलीच नसती. नियमही सगळ्यांना आधीपासून माहीत होते. गोव्याचा संताप समजतो, अन्याय झाला असं मात्र म्हणता येत नाही.

गोंधळात भर म्हणून त्या वर्षी तिसराही विजेता होता. आय-लीग तेव्हा वेगळी सुरू होती आणि तिथे मोहन बागानने 10 मार्चला ऐझॉलला 1-0 हरवून चार फेऱ्या राखून विजेतेपद नक्की केलं. त्यांचेही गुण 39, तेही सोळाच सामन्यांत. एटीके आणि मोहन बागान एकत्र येणार हे जानेवारीतच ठरलं होतं, म्हणजे त्या मार्चमध्ये एका भावी क्लबच्या दोन्ही अर्ध्यांनी वेगवेगळ्या स्पर्धा जिंकल्या.

यानंतरचे मोसम पाहिले की दोन बक्षिसं वेगळी ठेवण्याची सवय लागते. 2020-21 मध्ये मुंबई सिटीने दोन्ही नेली. प्रशिक्षक कोण, तर गोव्याने निरोप दिलेले तेच लोबेरा. सोबत गोव्याहून आलेले मंदार राव देसाई, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस. 2021-22 ला शिल्ड जमशेदपूर, चषक हैदराबाद. 2022-23 ला शिल्ड मुंबई सिटी, चषक एटीके मोहन बागान. 2023-24 ला नेमकं उलट : शिल्ड मोहन बागान, चषक मुंबई सिटी. 2024-25 ला दोन्ही मोहन बागान. दरम्यान 2022-23 पासून बाद फेरीत चारऐवजी सहा संघ आले आणि पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी मिळू लागली, म्हणजे पहिल्या क्रमांकाला थोडी तरी सवलत.

राहता राहिले 2019-20 च्या आधीचे मोसम. तेव्हाही तक्त्यात कुणीतरी पहिलं येतच होतं, फक्त त्याबद्दल देण्यासारखं काही नव्हतं. 2014 मध्ये चेन्नईयिन, 2015 मध्ये गोवा, 2016 मध्ये मुंबई सिटी, नंतरची दोन वर्षं बंगळूर. यांतल्या फक्त बंगळूरने 2018-19 मध्ये अव्वल राहून चषकही जिंकला, तोही अंधेरीच्या मैदानावर, जादा वेळेत, मुंबईच्या राहुल भेकेच्या गोलवर, आणि समोर पुन्हा गोवाच. शिल्ड पहिल्या मोसमापासून असती तर 2024-25 पर्यंत गोव्याकडे दोन आणि मुंबईकडे तीन झाल्या असत्या.