४.७७ मेगाहर्ट्झ कुठून आले?

उद्योजकतेवरच्या भाषणात पर्सनल कॉम्प्युटरचा इतिहास दोन मिनिटांत उरकतो. कॅलिफोर्नियातलं गॅरेज, दोन मित्र, रिकामे खिसे, मोठं स्वप्न आणि मग ॲपल. हीच गोष्ट व्हॉट्सॲपवरही फिरत असते. ॲपलचा सहसंस्थापक असलेल्या स्टीव्ह वॉझनियाकने स्वतः २०१४ सालच्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की गॅरेज ही बरीचशी दंतकथा आहे. डिझाइन आणि जोडणीचं काम होत होतं ते तो नोकरीला असलेल्या ह्यूलेट-पॅकार्डमध्ये, त्याच्या बसायच्या जागेवर. पण गॅरेज खरं की खोटं यापेक्षा मला जास्त खटकतं ते हे की या गोष्टीत यंत्रच नसतं. ते कसं चालायचं, कुठल्या अडचणीतून कुठली युक्ती निघाली, याबद्दल एक अक्षर नाही. आणि सगळी गंमत तर तिथेच आहे. ती गंमत एका आकड्यावरून सांगतो.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने न्यूयॉर्कमध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे. आत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर. तो ५ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ५० लाख ठोक्यांपर्यंत, चालेल अशी इंटेलची हमी होती. आयबीएमने तो चालवला ४.७७ वर. म्हणजे साडेचार टक्के वेग आपणहून सोडून दिला. बरं, कमीच ठेवायचा होता तर साडेचार ठेवायचा, पावणेपाच ठेवायचा, हे ४.७७ काय?

याचं उत्तर शोधायला रंगीत टीव्हीपर्यंत मागे जावं लागतं. तेही १९५३ सालच्या, अमेरिकेतल्या.

तिथे कृष्णधवल टीव्ही आधीपासून घरोघर होता. एका चित्रात ५२५ आडव्या रेषा, सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,७५० रेषा. रंग आणायचे होते, पण लोकांच्या घरातले जुने संच निकामी होता कामा नयेत अशी अट होती. म्हणून रंगांची माहिती एका वेगळ्या, वेगवान लहरीवर बसवून त्याच प्रक्षेपणात मिसळायची ठरली. अडचण एवढीच की जुन्या संचाला रंग कळत नाही. त्याच्या पडद्यावर ही लहर म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी दिसणार. त्यावर काढलेला तोडगा फार सुंदर आहे. लहरीची फ्रिक्वेन्सी अशी निवडायची की एका रेषेत तिची पूर्ण आवर्तनं बसू नयेत, शेवटी नेमकं अर्धं उरावं. मग एका रेषेवर जिथे उजळ ठिपका पडतो तिथे खालच्या रेषेवर गडद पडतो, आणि पुढच्या चित्रात त्याच रेषेवर उलटापालट होते. डोळा सरासरी काढतो आणि जाळी विरून जाते. ठरलेला आकडा होता एका रेषेत २२७.५ आवर्तनं.

अजून आवाज राहिला. आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर बसवलेली होती. रंग आणि आवाज एकमेकांत मिसळून आणखी एक जाळी उमटते. तीही पुसायची, तर ४५ लाखांना एका सेकंदातल्या रेषांच्या संख्येने पूर्ण भाग जायला हवा. १५,७५० ने भागलं की येतात २८५.७१. आवाजाला हात लावायचा नव्हता, म्हणून भागाकार सरळ २८६ धरला आणि रेषांची संख्याच किंचित खाली आणली: सेकंदाला १५,७३४.२६६. सेकंदाला ३० चित्रांची २९.९७ झाली ती इथेच. आता या १५,७३४.२६६ ला २२७.५ ने गुणा. उत्तर येतं ३५,७९,५४५ आणि वर किरकोळ अपूर्णांक. अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीच्या रंगीत टीव्हीची ही पायाभूत लय: ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ.

इथे थोडं विषयांतर करतो. ‘अमुक हर्ट्झचा नाद ऐका, पेशी बऱ्या होतात’, ‘तमुक फ्रिक्वेन्सी विश्वाशी जुळते’ असे व्हिडिओ हल्ली शिकलेसवरलेले लोकही पुढे पाठवतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, आणि सेकंद हे माणसाने सोयीसाठी पाडलेलं माप आहे. सेकंद थोडा लांब ठरला असता तर ते सगळे ‘दैवी’ आकडे बदलले असते. ३.५७९५४५ हा आकडा त्यांच्यापेक्षा कितीतरी गूढ दिसतो. पण त्यातला प्रत्येक अंक कुठून आला हे आत्ताच आपण गुणाकार-भागाकाराने काढलं. कोणी फ्रिक्वेन्सी सांगितली की ‘ती तेवढीच का?’ एवढं विचारावं.

ही लय अचूक राखायला रंगीत टीव्ही संचात क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीच्या खनिजाचा, पातळ काप बसवलेला असे. त्याला विद्युतदाब दिला की तो किंचित आकार बदलतो, आणि आकार बदलला की उलट विद्युतदाब निर्माण करतो. या देवाणघेवाणीत तो ठरावीक वेगाने थरथरत राहतो. वेग ठरतो तो मुख्यतः कापाच्या जाडीवरून. टीव्ही लाखोंनी खपू लागले तसा या लयीचा हा काप, म्हणजे क्रिस्टल, स्वस्त झाला, सहज मिळू लागला.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. सुट्या भागांचा संच, किंमत ३९७ डॉलर, आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर आणि मेमरी फक्त २५६ बाइट. ना कीबोर्ड, ना पडदा. समोरच्या पट्टीवरची बटणं वरखाली करून एकेक बाइट आत भरायचा आणि उत्तर लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून वाचायचं. तरी लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला हौशी लोकांचा होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला, आणि सप्टेंबरात एमओएस टेक्नॉलॉजीने ६५०२ हा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरला विकायला काढला. प्रोसेसर परवडू लागला. अडलं होतं पडद्यापाशी. कॉम्प्युटरला जोडायचे तयार टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्डची जोडगोळी, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. पण टीव्ही तर घरात होताच.

वॉझनियाकने तो टीव्हीच धरला. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये त्याचा ॲपल टू हा कॉम्प्युटर लोकांसमोर आला. त्यातली रंगांची युक्ती मला या संपूर्ण इतिहासात सर्वांत जास्त आवडते.

मुळात टीव्हीला रंग कळतो कसा? प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला ३.५८ मेगाहर्ट्झच्या लहरीचा एक छोटा तुकडा येतो. पुढे रेषेत याच फ्रिक्वेन्सीचं जे काही येईल, ते त्या तुकड्याच्या मानाने किती पुढे-मागे सरकलंय हे संच बघतो. त्या सरकण्यावरून रंगाची छटा ठरते. रीतसर रंग दाखवायचे तर ही सरकती लहर तयार करणारं वेगळं सर्किट लागतं, आणि ते महाग पडतं. वॉझनियाकने ते केलंच नाही. त्याने १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घेतला, म्हणजे टीव्हीच्या लयीच्या बरोबर चौपट. त्याच्या निम्म्या वेगाने, ७.१६ मेगाहर्ट्झने, पडद्यावर ठिपके पाठवले. आता एक ठिपका पेटता, एक विझलेला, पुन्हा एक पेटता असं पाठवत राहिलं की ते आपोआप सेकंदाला ३५.८ लाख वेळा उघडझाप करतात. टीव्हीला वाटतं, रंग आला! पेटते ठिपके सम जागांवर असले तर जांभळा दिसतो, विषम जागांवर असले तर हिरवा. शेजारचे दोन्ही पेटवले तर उघडझाप उरत नाही, म्हणून पांढरा. एका बाइटमध्ये सात ठिपके आणि एक बिट शिल्लक. हे आठवं बिट चालू केलं की त्या बाइटचे ठिपके अर्ध्या ठिपक्याने उशिरा निघतात. उशीर झाला की लहर पाव आवर्तन सरकते, आणि जांभळ्या-हिरव्याच्या जागी निळा आणि नारिंगी मिळतात. काळा धरून सहा रंग झाले, आणि रंग तयार करणारं खास सर्किट म्हणावं असं जवळजवळ काहीच नाही.

पण यात एक मेख होती. १९५३ च्या मंडळींनी रेषेत अर्धं आवर्तन मुद्दाम सोडलं होतं, कारण त्यांना ठिपके पुसायचे होते. वॉझनियाकला तर ठिपक्यांतूनच रंग काढायचा होता. अर्धं आवर्तन ठेवलं असतं तर एका रेषेवरचा जांभळा खालच्या रेषेवर हिरवा झाला असता. हिशेब बघा. प्रोसेसरच्या एका चक्रात सात ठिपके, म्हणजे क्रिस्टलचे १४ ठोके. एका रेषेत ६५ चक्रं, म्हणजे ९१० ठोके. आणि ९१० भागिले ४ बरोबर २२७.५. नको असलेलं अर्धं अगदी दारात उभं! २२८ हवं असेल तर ९१२ ठोके लागतात, दोन जास्त. मग त्याने प्रत्येक रेषेतलं ६५ वं चक्र दोन ठोक्यांनी लांबवलं. ॲपल टूचा प्रोसेसर म्हणूनच एका चालीने चालत नाही. ६४ चक्रं १४ ठोक्यांची, मग एक १६ ठोक्यांचं, पुन्हा ६४. रेषांची गती टीव्हीच्या मानकापेक्षा जराशी कमी होते, पण संच तेवढं सांभाळून घेतो.

मेमरीचंही असंच. ६५०२ प्रोसेसर चक्राच्या अर्ध्या भागातच मेमरीला हात लावतो. उरलेल्या अर्ध्यात पडद्याचं सर्किट मेमरीतून पुढचा बाइट वाचून घेतं, कोणी कोणाची वाट अडवत नाही. डायनॅमिक मेमरीतला विद्युतभार काही मिलिसेकंदांत गळून जातो, म्हणून ती सतत वाचून ताजी करावी लागते. त्यासाठी इतर यंत्रांत वेगळं सर्किट असे. इथे पडदा काढण्यासाठी मेमरी वाचली जातच होती, त्या वाचण्यातच ती ताजी राहायची. मात्र सगळे कप्पे वेळेत वाचले जावेत आणि चिपाही कमी लागाव्यात म्हणून पडद्याच्या ओळी मेमरीत विस्कटून ठेवाव्या लागल्या. पहिली ओळ १०२४ या पत्त्यापासून, दुसरी ११५२ पासून, आणि नववी पुन्हा मागे, १०६४ पासून. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तो तक्ता जवळ बाळगावा लागे.

१९७७ मध्येच कमोडोरचा पेट आणि रेडिओ शॅकचा टीआरएस-८० हेही बाजारात आले, आणि १९७९ च्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटमुळे ॲपल टू कचेऱ्यांत शिरला. ते पाहून आयबीएम जागी झाली. फ्लोरिडातल्या बोका रॅटनच्या गटाने साधारण वर्षभरात, बाजारात मिळणारे तयार भाग घेऊन पीसी उभा केला. त्यांच्याही कलर कार्डाला घरच्या टीव्हीवर चित्र दाखवता यायला हवं होतं, म्हणजे ३.५८ ची लय हवीच. ८०८८ ला ठोके पुरवणारी इंटेलची चिप क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी तीनने भागते. ५ मेगाहर्ट्झ हवे असते तर प्रोसेसरसाठी १५ चा वेगळा क्रिस्टल लागला असता. त्याऐवजी १४.३१८१८ चा एकच बसवला. चारने भागला की टीव्हीचा रंग, तीनने भागला की प्रोसेसरचे ४.७७. एक क्रिस्टल वाचला.

त्याच क्रिस्टलला बाराने भागून पीसीचा टायमर चालवला: १.१९३१८२ मेगाहर्ट्झ. टायमरच्या एका शाखेवर मेमरी ताजी ठेवायचं काम, दुसरीवर स्पीकरची टींऽऽ, आणि तिसरी ६५,५३६ पर्यंत मोजून घड्याळाला एक टोला देणारी. भागाकार केला की सेकंदाला १८.२ टोले येतात. विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळात प्रोग्रामिंग शिकलेल्यांना हा १८.२ पाठ असेल.

पुढे कॉम्पॅक आणि इतरांनी आयबीएमशी जुळणारे पीसी काढले. जुळायचं तर क्रिस्टलचा आणि टायमरचा आकडा तसाच ठेवणं भाग होतं; प्रोसेसरचा वेग मात्र वाढत गेला. कित्येक गेम प्रोसेसरच्या वेगावरच चालत, वेगवान यंत्रावर ते हाताबाहेर पळत सुटायचे. म्हणून अशा जुळणाऱ्या पीसींवर वेग पुन्हा खाली आणायची सोय ठेवली गेली. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या डब्यांवर ‘टर्बो’ लिहिलेलं बटण असायचं, ते हेच.

भारतात रंगीत टीव्ही १९८२ साली, एशियाडच्या वर्षी आला तो पाल पद्धतीचा. तिची रंगांची लय ४.४३ मेगाहर्ट्झ, आणि त्यात रंगाची दिशा दर रेषेला उलटते. वॉझनियाकची युक्ती तिथे चालत नाही. युरोपात विकलेला ॲपल टू युरोप्लस जादा कार्डाशिवाय कृष्णधवलच दिसायचा. म्हणजे एनटीएससीचं एकही प्रक्षेपण नसलेल्या आपल्या देशात जे लाखो पीसी आले, त्यांत अमेरिकन रंगीत टीव्हीचा क्रिस्टल होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात जुना मदरबोर्ड मिळाला तर बघा. नखाएवढी, चांदीच्या रंगाची, दोन्ही टोकं गोलसर असलेली धातूची डबी सापडेल. वर छापलेलं असतं १४.३१८. डबी दोन पायांवर उभी किंवा आडवी असते, आणि बहुतेकदा शेजारीच ठोके वाटून देणारी चिप.

अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी एनटीएससी प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद केलं. पीसीतून मात्र तो आकडा गेला नाही. एसीपीआय या मानकात वीजव्यवस्थापनासाठी जो टायमर सांगितलेला आहे, त्याची गती ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच असते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात ती ३५७९५४५ अशी पूर्णांकात लिहिलेली आहे, आणि जुन्या टायमरसाठी ११९३१८२ हा आकडाही तिथेच सापडतो. लिनक्स वापरत असाल तर मशीन सुरू होतानाच्या नोंदींत एचपीईटी (HPET) या टायमरचं नाव शोधा. अनेक मशीनवर त्यापुढे १४.३१८१८० मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं दिसेल.