पार्श्वभूमी : विदेशी मार्जारकुळातील प्राणी आणि २०२०ची सवलत

रानातले मार्जार पकडून किंवा विकत आणून बाळगण्याची प्रथा आपल्याकडच्या संस्थानांत जुनीच. कोल्हापूरच्या शिकारखान्यात काळविटांवर सोडायला चित्ते होते, त्यांना सांभाळायला चित्तेवान होते. आईकडून शिकार न शिकलेले पिल्लू त्या कामाचे नसे, म्हणून रानात वाढलेला चित्ताच धरला जाई. कैदेत वीण होण्याची जहांगीरच्या काळातली एकच नोंद सांगितली जाते. देशी चित्ता मिळेनासा झाल्यावर कोल्हापूर, भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने वाघ, बिबट्या, गीरचा सिंह यांना संरक्षण मिळाले. भारतात न आढळणारा सर्व्हल (आफ्रिकेतले रानमांजर) किंवा प्यूमा (अमेरिका खंडातला मोठा मार्जार) मात्र त्या कायद्याच्या अनुसूच्यांत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्यांत, नव्हता. १९७६ मध्ये भारत वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, पण त्याच्या अंमलबजावणीची तरतूद वन्यजीव कायद्यात यायला २०२२ उजाडले. तोवर सारी मदार सीमेवरच्या तपासणीवर होती. प्राणी एकदा आत आला आणि ‘इथेच जन्मला’ असे मालकाने सांगितले, की ते खोडून काढणे अवघड. जून २०१९ मध्ये कोलकात्याजवळ एका मोटारीत सिंहाचा छावा सापडला, तो वाटेतच पकडला गेला म्हणून.

जून २०२० मध्ये केंद्राने ऐच्छिक घोषणेची योजना आणली. १ जानेवारी २०२० रोजी ताब्यात असलेला विदेशी प्राणी सहा महिन्यांत जाहीर करायचा. तो कसा मिळवला याची कागदपत्रे मागितली जाणार नाहीत. कोणाकडे काय आहे हेच ठाऊक नसेल तर नियमन कशाचे करणार, हा योजनेमागचा युक्तिवाद खरा होता. तीस हजारांहून अधिक लोकांनी घोषणा केल्या, यावरून नोंदीची गरज किती होती ते दिसते. (त्यांतले बहुतेक पक्षी, कासवे असे प्राणी पाळणारे असावेत.)

पण नोंद आणि माफी एकत्र बांधायची गरज नव्हती. वन खात्याने पडताळणी करायची ती प्राणी जागेवर आहे की नाही याची. तो कोणत्या देशातून, कोणत्या परवान्यावर आला, हा प्रश्न योजनेनेच बाजूला ठेवला. फेब्रुवारीत चोरून आणलेले पिल्लू आदल्या डिसेंबरात घेतले असे लिहून दिले, तर ते खोटे ठरवायला हाताशी काहीच नव्हते. पुढे न्यायालयातही मुदतीत घोषणा करणाऱ्याला चौकशीपासून संरक्षण असल्याचा अर्थ मान्य झाला. २००३ मध्येही वन्यजीवांच्या साठ्याच्या घोषणेसाठी १८० दिवसांची मुदत दिली होती. दर काही वर्षांनी अशी खिडकी उघडते म्हटल्यावर थांबून राहणे तस्कराला परवडते.

२०२२च्या दुरुस्तीने साइटिस करारातील प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या; ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पाळीव मांजर सोडले तर मार्जारकुळातील सगळ्या प्रजाती या कराराच्या यादीत आहेत. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी त्यांची नोंदणी सक्तीची केली, त्यासाठी सहा महिने दिले. आता पिल्ले झाली, मालक बदलला किंवा प्राणी मेला तरी कळवावे लागते. पण २०२० मध्ये घोषित झालेल्या जोडीची पिल्ले या नोंदीत येतात तेव्हा त्यांचा जन्म कागदोपत्री असतो, आई-बाप कुठल्या रानातून उचलले होते हे मात्र कुठेच लिहिलेले नसते.