पेसमेकरचा दीर्घकालीन खर्च

हृदयाचे मंदावलेले ठोके सावरण्यासाठी छातीच्या वरच्या भागात त्वचेखाली बसवलेल्या पेसमेकरवर रुग्णालयात वर्षानुवर्षे होणारा एकूण खर्च. शस्त्रक्रियेचे बिल हा त्याचा केवळ पहिला हप्ता असतो.

संपूर्णपणे शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना लावला गेला. तो काही तासांतच बंद पडला आणि २००१ मध्ये निधन होईपर्यंत लार्सन यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले. १९७०च्या दशकात लिथियम-आयोडीन सेल आल्यावर उपकरणाचे आयुष्य वाढले. आज ते साधारण ८ ते १२ वर्षे धरतात. घरचे लोक ‘बॅटरी बदलायची’ म्हणतात, पण सेल वेगळा काढता येत नाही. हृदयात गेलेल्या तारा चांगल्या असतील तर त्या तशाच ठेवून धातूची बंद डबी पूर्ण बदलतात. त्यामुळे शस्त्रक्रिया लहान असली तरी उपकरणाची किंमत नव्याने मोजावी लागते. डबीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तर बहुधा तारांसह सगळेच काढावे लागते, आणि हा धोका पहिल्या वेळेपेक्षा बदलीच्या वेळी अधिक असतो.

खर्च लांबवण्याचा उपाय तपासणीत आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत तारेच्या टोकाशी सूज असल्याने पेसमेकर देत असलेल्या विद्युत स्पंदनाचा दाब (व्होल्टेज) जास्त ठेवतात व सुमारे तीन महिन्यांनी उतरवतात. तो ५ व्होल्टवरून २.५ व्होल्टवर आणला की प्रत्येक स्पंदनाची ऊर्जा चौथाईवर येते. ही फेरी चुकवणाऱ्याची बॅटरी अकारण लवकर संपते.

नागपुरात हा प्रश्न अंतराचा होतो. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालये येथे गोंदिया, गडचिरोलीपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. आज महात्मा जोतिराव फुले यांचे नाव असलेली जनआरोग्य योजना पूर्वीच्या नावाने २१ नोव्हेंबर २०१३ रोजी नागपुरातूनच राज्यभर लागू झाली. तीत पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे, मात्र नंतरच्या फेऱ्यांचे एसटीभाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कोणत्याही बिलात दिसत नाही. त्यातच, प्रत्येक कंपनीचे तपासणी यंत्र फक्त आपलेच उपकरण वाचते. कंपनी व मॉडेल नोंदवलेले पेसमेकरचे कार्ड हरवले, तर आधी छातीचा एक्स-रे काढून डबी कोणाची हे ओळखावे लागते.