पेसमेकर आणि हृदयातील सूक्ष्म रक्तवाहिन्या

मंदावलेले ठोके पेसमेकर पुन्हा लयीत आणतो. पण हृदयाच्या स्नायूलाही स्वतःसाठी रक्त लागते, आणि पेसमेकर चालू झाल्यावर ते कसे वाटले जाते हा वेगळा प्रश्न आहे. हृदयाच्या पृष्ठभागावरच्या कोरोनरी रोहिण्यांतून रक्त स्नायूत शिरते आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात पसरते. अँजिओग्राफीत मोठ्या रोहिण्या दिसतात, हे जाळे दिसत नाही. कोणत्या भागाला किती रक्त द्यायचे ते मात्र याच जाळ्यात ठरते.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे जायकवाडीवरून लवकर कळेल. पैठणच्या नाथसागराचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब, उजवा 132 किलोमीटर. मुख्य कालवा तुडुंब वाहत असला तरी टेलच्या रानात पाणी पोचते की नाही, हे चाऱ्यांवर आणि त्यांच्या दारांवर अवलंबून असते. शिवाय पाणी सुटते ते आवर्तनाने. हृदयातही आवर्तनच असते. डावे निलय, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा खालचा डावा कप्पा, आकुंचन पावते तेव्हा त्याच्या भिंतीतल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात. तिला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या सैलावण्याच्या काळात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयस्नायूतून मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर रक्त वाहते. त्यातला बहुतेक प्राणवायू स्नायू एरवीच शोषून घेतो, म्हणून काम वाढले की रक्तच वाढवावे लागते. निरोगी हृदय हा प्रवाह तिप्पट-चौपट करू शकते. त्या क्षमतेला प्रवाहाची राखीव ताकद म्हणतात.

पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे वरच्या कप्प्यांतली वीज खाली निलयांपर्यंत पोचतच नाही तेव्हा, ठोके मिनिटाला 30-40 पर्यंत उतरतात. विश्रांतीचा काळ तेव्हा भरपूर असतो, पण खालचा रक्तदाब घसरल्याने रक्त आत ढकलणारा जोरच कमी पडतो. अशा रुग्णाला पेसमेकर जीवदान देतो, त्याबद्दल शंका नको. उलट ठोक्यांची गती गरजेपेक्षा जास्त ठेवली, तर विश्रांतीचा काळ आखडतो आणि आवर्तन अपुरे पडते.

खरी गुंतागुंत पेसमेकरची वीज हृदयात पोचवणारी तार कुठे टेकवली आहे यात आहे. 1958 मध्ये स्वीडनमध्ये पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला. पुढे अनेक दशके तार उजव्या निलयाच्या टोकाशी ठेवण्याची रीत रुळली, कारण तिथे ती सहज पोचते आणि टिकते. निसर्गाने मात्र विजेसाठी वेगळी वाट आखली आहे. 1906 मध्ये सुनाओ तावारा यांनी वर्णन केलेल्या वहनसंस्थेतून, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या हृदयातल्या खास तंतूंतून, वीज झपाट्याने पसरते, स्नायूतून जाताना ती बरीच मंदावते. टोकाशी ठोका उठला की दोन निलयांमधला पडदा आधी आकुंचन पावतो आणि डावी बाहेरची भिंत उशिरा. आधी हललेल्या पडद्यावर ओझे कमी, म्हणून त्याचे काम कमी आणि रक्तही कमी. उशिराच्या भिंतीवर जास्तीचा भार. पडद्यात आकुंचन आणि सैलावण्याचा मेळही बिघडतो, त्यामुळे तिथल्या वाहिन्यांना भरायला वेळ कमी मिळतो. म्हणजे पडद्याचे रक्त घटण्यात थोडा वाटा घटलेल्या गरजेचा आणि थोडा दाबाचा असतो. 1997 मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी टोकाशी तार असलेल्या रुग्णांच्या हृदयाचे रक्तपुरवठा स्कॅन केले, तेव्हा बऱ्याच जणांत पुरवठ्यातली तूट दिसली. पेसिंगचा, म्हणजे मशीनने ठोके देण्याचा, काळ जितका लांब, तितकी ती वाढलेली आढळली.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पेसमेकर असलेल्याचा व्यायामानंतरचा स्कॅन पडद्यात तूट दाखवू शकतो आणि मोठी रोहिणी स्वच्छ असू शकते. म्हणून वाहिन्या औषधाने रुंदावून केलेला स्कॅन अधिक भरवशाचा. दुसरी, अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणून छाती भरून येण्याची तक्रार मनाची समजू नये. ही समजूत रुग्णावर अन्याय करते.

पेसिंग सतत चालत राहिले तर काहींचे हृदय अशक्त होते. म्हणून आता गरज नसताना निलयाला ठोका न देणारी सेटिंग वापरतात, किंवा तार वहनसंस्थेच्या मुख्य जुडग्यात (हिस बंडल) वा त्याच्या डाव्या शाखेच्या भागात बसवतात, म्हणजे वीज नैसर्गिक वाटेने जाते. डाव्या शाखेसाठी तार पडद्यात खोलवर फिरवावी लागते आणि क्वचित तिथल्या रोहिणीलाच इजा होते, त्यामुळे हात सरावलेला हवा.

किनवट किंवा भूमच्या एखाद्या गावातून शहरापर्यंत येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे, म्हणून मशीन बसवल्यावर तपासणी राहून जाते. त्या तपासणीत निलयाला शेकडा किती ठोके मशीनने दिले, हा आकडा असतो. दम लागत असेल तर डॉक्टरांना तो आवर्जून विचारावा आणि आधीच्या तपासणीतल्या आकड्याशी ताडून पाहावा.