सामुदायिक केंद्र (वस्तीतील)

वस्तीतल्या लोकांना एकत्र येण्यासाठी, काही शिकण्यासाठी, अडचणीत मदत मिळवण्यासाठी आणि वस्तीच्या प्रश्नांवर मिळून काम करण्यासाठी असलेली, घरापासून चालत जाता येईल अशी जागा व ती चालवणारी संस्था. समाजमंदिर, वस्तीकेंद्र अशी नावेही प्रचलित आहेत. पाळणाघर, अभ्यासिका, शिवणाचे वा संगणकाचे वर्ग, आरोग्य तपासणी, कायदेविषयक सल्ला, ज्येष्ठांची बैठक असे बरेच काही एकाच छपराखाली चालते. प्रस्तुत नोंदीत केंद्राच्या दोन परिणामांचा विचार केला आहे : रहिवाशांना वस्ती आपली वाटणे आणि त्यांचे राहते घर टिकणे. पहिला विषय समाजकल्याणाचा आणि दुसरा गृहनिर्माणाचा मानला जातो, त्यामुळे दोहोंचा विचार सहसा वेगवेगळ्या खात्यांत होतो. केंद्रात मात्र ते एकाच माणसाच्या रूपाने दारात येतात.

घर स्थिर असणे म्हणजे डोक्यावर छप्पर असणे एवढेच नव्हे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने (१९६६) अकराव्या कलमात पुरेशा निवाऱ्याचा हक्क मान्य केला. त्याचा अर्थ स्पष्ट करताना संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने १९९१ मध्ये सात घटक सांगितले, आणि त्यांत पहिले स्थान वास्तव्याच्या कायदेशीर सुरक्षिततेला दिले. उद्या बाहेर काढले जाण्याची टांगती तलवार असेल, तर पक्क्या भिंतीही घराला स्थिर करू शकत नाहीत.

उगम

या संस्थेची एक मोठी परंपरा ‘सेटलमेंट’ चळवळीतून आली. सुशिक्षित तरुणांनी गरीब वस्तीत राहायला जायचे, शेजारी म्हणून जगायचे आणि त्यातून काम उभे करायचे, अशी ती कल्पना होती. सॅम्युएल व हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ मध्ये पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपेल भागात टॉयन्बी हॉल स्थापन केले. तिथून प्रेरणा घेऊन जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस सुरू केले. मुंबईत क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहुड हाउसचे काम उभारले. त्याच अनुभवातून १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी एक संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, ‘कोमिनकान’ या नावाने नागरिकांची सार्वजनिक सभागृहे उभी राहिली आणि १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्याने त्यांना आधार दिला. सिंगापूरने गृहनिर्माण मंडळ आणि सामुदायिक केंद्रे चालवणारी ‘पीपल्स असोसिएशन’ ही संस्था १९६० या एकाच वर्षी स्थापन केली. घरे बांधणे आणि शेजार घडवणे ही दोन्ही कामे सरकारने तिथे स्वतःच्या हाती घेतली.

हल हाउसच्या इतिहासातील एक प्रकरण या नोंदीच्या विषयाशी थेट भिडते. एका कारखान्यातील संपाच्या वेळी कामगार मुली केंद्रात जमल्या होत्या. संपातून सर्वांत आधी माघार कोण घेते, यावर बोलणे निघाले. उत्तर सर्वांना ठाऊक होते : ज्यांचे शहरात घर नाही, ज्यांना दर आठवड्याला खोलीचे आणि जेवणाचे पैसे द्यावे लागतात, त्या मुली. पगार थांबला की त्यांचा निवारा जातो. मग आपणच मिळून एक वसतिगृह चालवले तर, असा विचार पुढे आला आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी ‘जेन क्लब’ हे मुलींनी स्वतः चालवलेले सहकारी वसतिगृह सुरू झाले. सुरुवातीचे भाडे व सामान याला हल हाउसने हातभार लावला. पुढचा कारभार मुलींचा होता. घराच्या अस्थिरतेमुळे माणसाला आपल्याच लोकांबरोबर उभे राहता येत नाही आणि एकत्र आल्यावर घराचा प्रश्न सोडवता येतो, ही दोन्ही सूत्रे या एका घटनेत दिसतात. केंद्राचे त्यातले काम तसे किरकोळच म्हणावे लागेल. मुलींना बसून बोलायला खोली होती, आणि बोलणे झाल्यावर पहिल्या खर्चाला कोणीतरी पुढे आले.

काही कार्यकर्ते केंद्राच्या दारातून थेट गृहनिर्माणाच्या धोरणात गेले. न्यूयॉर्कमधील ग्रीनिच हाउसच्या संस्थापक मेरी सिम्खोविच यांनी सार्वजनिक गृहनिर्माणासाठी राष्ट्रीय परिषद उभारली. अमेरिकेत १९३७ चा गृहनिर्माण कायदा होण्यामागे जे दडपण होते, त्यात या परिषदेचा वाटा होता.

घर टिकते ते कसे

केंद्र घरे बांधत नाही, आणि बहुतेक केंद्रांकडे वाटायला घरेही नसतात. त्याचा उपयोग होतो तो एका ठराविक काळात : पहिले भाडे थकल्यापासून घर खाली करण्याचा हुकूम येईपर्यंत. नोकरी जाणे, आजारपण, घरातल्या कमावत्या माणसाचा मृत्यू, नवराबायकोचे वेगळे होणे, यांपैकी एखाद्या कारणाने भाडे चुकते. थकबाकी सुरुवातीला लहान असते आणि मार्गही पुष्कळ असतात. घरमालकाशी बोलून हप्ते ठरवता येतात, सरकारी साहाय्यासाठी अर्ज करता येतो, तातडीच्या निधीतून रक्कम परस्पर मालकाकडे भरता येते. दोनतीन महिन्यांनी हेच मार्ग एकेक करून बंद होतात. अडचण अशी, की याच काळात माणूस कोणाला काही सांगत नाही. थकलेले भाडे ही लाजेची गोष्ट असते. ‘गृहसाहाय्य कक्ष’ अशी पाटी लावलेल्या कचेरीत तो तेव्हा जातो, जेव्हा लपवण्यासारखे काही उरलेले नसते.

केंद्राची सरशी इथे होते, कारण तिथे माणूस वेगळ्याच कामासाठी येत असतो. मुलाला अभ्यासिकेतून घ्यायला आलेली आई नोटिशीचा कागद पुढे करते आणि यात काय लिहिले आहे, एवढेच विचारते. वर्गाला नियमित येणारी बाई दोन आठवडे दिसली नाही, तर शेजारीण चौकशी करते. कार्यकर्त्याला बातमी लागते ती अशी, अर्जाविना. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले होते, की नवी माहिती बहुधा जिवलगांकडून येत नाही, ती जुजबी ओळखींतून येते, कारण जिवलगांना आपल्याला ठाऊक तेच ठाऊक असते. त्यांचा पुढचा अभ्यास नोकऱ्यांविषयी होता, पण रिकामी होणारी खोली, जामीन राहायला तयार असलेला माणूस, अर्जाची शेवटची तारीख या गोष्टीही अशाच वाटांनी पोचतात.

कागदपत्रे हा दुसरा, दिसायला क्षुल्लक भाग. भाड्याच्या पावत्या, कराराची प्रत, मालकाला पाठवलेल्या पत्राची पोच यांवर पुष्कळदा प्रकरणाचा निकाल ठरतो आणि नेमक्या याच गोष्टी घर बदलताना हरवतात. काही केंद्रे प्रती जपून ठेवतात. ज्यांना कायमचा पत्ता नाही, त्यांना टपालासाठी केंद्राचा पत्ता वापरू देतात. पत्ता नसला की सरकारी पत्र पोचत नाही आणि पत्र न पोचल्यामुळे हक्क बुडतो, हे चक्र त्यामुळे थांबते.

कायद्याची मदत त्याहून महत्त्वाची. टॉयन्बी हॉलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गरिबांसाठी मोफत वकिली सल्ला मिळू लागला. घर खाली करण्याच्या दाव्यात मालकाच्या बाजूने वकील असतो, भाडेकरू मात्र बहुधा एकटा असतो. तारखेला तो हजरच राहिला नाही, तर अनेक देशांत निकाल एकतर्फी लागतो. न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये अशा दाव्यांतील अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना वकील देण्याचा कायदा केला. अमेरिकेतील शहरांत तो पहिला. पण वकील मिळतो हे कळायला आणि तारीख चुकू नये म्हणून कोणीतरी आठवण करायला वस्तीत माणूस लागतोच.

बेघर माणसाला नुकतेच घर मिळाले असेल, तर केंद्राचे काम उलट दिशेने चालते. ‘आधी घर’ या पद्धतीत व्यसनमुक्ती वा उपचाराची अट न घालता प्रथम घर दिले जाते. सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे काम सुरू केले आणि फिनलंडने २००८ पासून त्यावर राष्ट्रीय धोरण आखले. बहुसंख्य लोक असे घर टिकवतात. पण रस्त्यावरची किंवा निवारागृहातली सोबत सुटल्यावर चार भिंतींत येणारा एकाकीपणा ही त्यातली ओळखीची अडचण आहे. वैद्यकीय कारणाशिवाय, कोणी तपासायला न येता, नुसते जाऊन बसता येईल अशी जागा त्या काळात लागते.

आपलेपणा

आपलेपणा कार्यक्रमांनी निर्माण होतो असा एक समज आहे आणि केंद्रांचे वार्षिक अहवाल तो जोपासतात. खरे तर पाहुणा म्हणून कितीही वेळा बोलावले, तरी माणूस पाहुणाच राहतो. ज्याच्याकडे किल्ली असते, खुर्च्या मांडण्याची पाळी असते, वाद झाला तर बोलण्याचा अधिकार असतो, त्याला ती जागा आपली वाटते. म्हणून लाभार्थी आणि कार्यकर्ता यांच्यातली भिंत जितकी पातळ, तितके केंद्र जिवंत. काल अर्ज भरून घेणारी बाई आज दुसरीचा अर्ज भरून देते, हे घडत नसेल तर ती जागा म्हणजे एक कचेरी आहे, फार तर जरा प्रेमळ.

बाकीच्या अटी साध्या आहेत. कामावरून परतल्यावर दार उघडे हवे. काही विकत न घेता बसता यावे. का आलात, हे सांगावे लागू नये. रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये घर आणि कामाची जागा सोडून असलेल्या अशा ‘तिसऱ्या जागे’चे महत्त्व मांडले. अशा जागा नसण्याची किंमत शिकागोतील १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत दिसली. त्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. एरिक क्लिनेनबर्ग यांनी नंतर दाखवले, की जवळजवळ सारख्याच गरीब असलेल्या शेजारशेजारच्या दोन वस्त्यांत मृत्यूचे प्रमाण फार वेगळे होते. जिथे दुकाने, रस्ते आणि एकत्र येण्याच्या जागा गजबजलेल्या होत्या, तिथली एकटी राहणारी म्हातारी माणसे अधिक वाचली.

एकोप्याचे चित्र फार गोड रंगवण्यात मात्र अर्थ नाही. केंद्रात किशोरवयीन मुलांचा गोंगाट आणि ज्येष्ठांची शांतता एकाच दिवाणखान्यावर हक्क सांगतात. जुने रहिवासी नव्याने आलेल्यांना संशयाने पाहतात. अमेरिकेतील अनेक सेटलमेंटनी कृष्णवर्णीयांना दूर ठेवले. अटलांटात लुजेनिया बर्न्स होप आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांना १९०८ मध्ये ‘नेबरहुड युनियन’ ही स्वतःची संघटना उभारावी लागली. ‘आपण’ कोण, हे ठरवताना कोणी तरी बाहेर राहते, आणि केंद्र चालवणाऱ्यांना ते सर्वांत उशिरा कळते.

दुहेरी भूमिकेचा पेच

मदत करणारा आणि भाडे वसूल करणारा एकच असावा का, हा प्रश्न जुना आहे. ऑक्टेव्हिया हिल यांनी १८६५ पासून लंडनमध्ये, जॉन रस्किन यांच्या पैशांतून घेतलेल्या घरांचे व्यवस्थापन सुरू केले. त्यांच्या स्त्री कार्यकर्त्या दर आठवड्याला भाडे घ्यायला दारोदार जात, दुरुस्तीची चौकशी करत, सुखदुःख ऐकत. घरे सुधारली, भाडेकरूंशी नातेही जुळले. पण थकबाकीबाबत हिल कठोर होत्या. भाडे न देणाऱ्याला घर सोडावे लागे. आजही गृहनिर्माण संस्थेनेच चालवलेल्या केंद्रात हा पेच येतो. थकबाकीची गोष्ट ज्याच्याजवळ बोलायची, त्याच्याच संस्थेकडून नोटीस येणार असेल, तर माणूस गप्प राहतो. म्हणून सल्ल्याचे काम वेगळ्या संस्थेकडे देणे आणि नोंदी मालकाच्या हाती न जाऊ देणे, हे नियम पाळणारी केंद्रे अधिक विश्वासू ठरतात.

मर्यादा

भाडे मिळकतीच्या आवाक्याबाहेर गेले असेल, तर कोणतेही केंद्र हप्ते ठरवून ते आवाक्यात आणू शकत नाही. घरांची टंचाई आणि भाडेकरूला संरक्षण न देणारे कायदे ही कारणे वस्तीच्या बाहेर असतात. ग्लासगोत १९१५ मध्ये मेरी बार्बर यांच्यासारख्या स्त्रियांनी भाडेवाढीविरुद्ध संप केला, जप्तीचे अधिकारी आले की घंटा वाजवून शेजार गोळा केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्यांना सामुदायिक केंद्राची इमारत लागली नव्हती. उलट इमारत, अनुदान आणि अहवाल यांच्यात गुंतलेल्या संस्थेला असा लढा कितपत झेपला असता, हा प्रश्नच आहे. सरकारी पैशांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिलेली हल हाउसची संस्था जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली.

आणखी एक विरोधाभास आहे. चांगल्या केंद्रामुळे वस्ती राहण्याजोगी होते, मागणी वाढते, भाडी चढतात आणि ज्यांनी ती वस्ती घडवली त्यांनाच बाहेर पडावे लागते. कामगार वस्त्यांत सधन लोक शिरून मूळ रहिवासी हटण्याच्या या प्रक्रियेची दखल रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनविषयी लिहिताना घेतली होती. विस्थापन सरकारी योजनेनेही होते. शिकागोत विद्यापीठाच्या संकुलासाठी हल हाउसभोवतालची वस्ती १९६० च्या दशकात हटवली गेली. फ्लॉरेन्स स्काला यांच्या पुढाकाराने रहिवाशांनी विरोध केला, तरी केंद्राच्या तेरा इमारतींपैकी दोनच उरल्या.

यावर काही ठिकाणी जमिनीची मालकीच वस्तीकडे आणण्याचा उपाय झाला. बॉस्टनमध्ये १९८४ साली रहिवाशांनी डडली स्ट्रीट नेबरहुड इनिशिएटिव्ह ही संघटना स्थापली. १९८८ मध्ये शहराने तिला पडीक खासगी जमीन संपादन करण्याचा अधिकार दिला, जो एरवी सरकारी यंत्रणेकडे असतो. ही जमीन सामुदायिक विश्वस्त संस्थेच्या नावे राहते. घर विकता येते, पण जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानेच मिळते आणि विक्रीच्या किमतीवर बंधन असते. त्यामुळे पुढच्या खरेदीदारालाही ते परवडते. बागा, दुकाने आणि सामुदायिक वापराच्या जागाही अशा विश्वस्त संस्थेच्या जमिनीवर असू शकतात. ज्या केंद्रांची स्वतःचीच जागा भाड्याची असते, त्यांच्यासाठी हा मुद्दा गैरलागू नाही.