पहिल्या मुलाआधी गर्भनिरोधक वापरल्याने वंध्यत्व येते का?

पहिले मूल होण्याआधी गर्भनिरोधक वापरल्यास पुढे मूल होत नाही, हा समज चुकीचा आहे. गोळ्या थांबवल्यावर किंवा तांबी काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकर परत येते. दर 3 महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनानंतर मात्र काही महिन्यांचा, पण तात्पुरता, विलंब होऊ शकतो. तरीही हा समज टिकून आहे, कारण लग्नानंतर लगेच मूल व्हावे अशी अपेक्षा जिथे असते तिथे साधन वापरणारी स्त्री अपवाद ठरते, आणि तिला दिवस जाण्यास उशीर झाला की पतीची तपासणीही न करता दोष तिच्या गोळ्यांना दिला जातो. हे अत्यंत अन्यायकारक आहे. उपचार न केलेला लैंगिक संसर्ग मात्र गर्भनलिका खरोखर बंद करू शकतो, आणि त्याचा धोका निरोधमुळे कमी होतो.