एचटीएमएलमधील याद्या

वेबपानावर एकाच गटातील बाबी सलग मांडण्यासाठी एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेत असलेली सोय. क्रमहीन (यूएल), क्रमांकित (ओएल) आणि वर्णनयादी (डीएल) असे तिचे तीन प्रकार असून, नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० मध्ये ते तिन्ही आढळतात.

प्रकार निवडताना दिसणे नव्हे, तर अर्थ पाहावा. पुरणपोळीच्या पाककृतीत हरभऱ्याची डाळ, गूळ आणि वेलची कोणत्याही क्रमाने लिहिली तरी चालते, म्हणून साहित्य यूएलमध्ये येते. डाळ शिजवण्याआधी पुरण वाटता येत नाही, म्हणून कृती ओएलमध्ये. दोन्हींत प्रत्येक बाब एलआय या टॅगमध्ये (मजकुराभोवती लिहायच्या खुणेत) असते. पोटयादीही संबंधित एलआयच्या आतच लिहावी लागते. ती बाहेर लिहिण्याची चूक सर्रास होते, कारण ब्राउझर तक्रार न करता ती दाखवतो. वर्णनयादीत डीटीमध्ये नाव व डीडीमध्ये त्याचे वर्णन येते. शब्दसूचीसाठी ती सोयीची आहे.

क्रमांक कोठून सुरू व्हावा हे ओएलच्या ‘स्टार्ट’ या गुणधर्माने ठरते. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ ने तो केवळ सजावटीचा मानून त्याज्य ठरवला होता. मात्र नियमावलीतील कलमांचा क्रमांक हा मजकुराचाच भाग असतो, आणि २०१४ च्या एचटीएमएल ५ ने त्याला पुन्हा मान्यता दिली हे योग्यच झाले. उलट्या क्रमासाठीचा ‘रिव्हर्स्ड’ त्याच आवृत्तीत आला.

क्रमांकांचे रूप ठरवणाऱ्या ‘टाइप’ या गुणधर्मात इंग्रजी अंक, रोमन अंक आणि लॅटिन अक्षरे एवढेच पर्याय आहेत. १, २, ३ असे देवनागरी अंक हवे असल्यास पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतील ‘लिस्ट-स्टाइल-टाइप’ला ‘देवनागरी’ हे मूल्य द्यावे लागते. क, ख, ग अशी मालिका ‘काउंटर-स्टाइल’ नियमाने घडवता येते. ही सोय असताना परिच्छेदात हाताने अंक टाइप करणे टाळावे. तशी यादी डोळ्यांना ठीक दिसते, पण मध्ये एक बाब वाढली की पुढचे सगळे अंक बदलावे लागतात, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली) वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला ही यादी आहे, तिच्यात किती बाबी आहेत, हे कळतच नाही.

सीएसएसने यादीतील बुलेट (बाबींपुढील ठिपके) काढून टाकले, तर सफारी ब्राउझरमध्ये व्हॉइसओव्हर हा ॲपलचा स्क्रीन रीडरही अनेकदा यादीचा उल्लेख करत नाही. अशा वेळी यूएलला ‘रोल’ गुणधर्माद्वारे ‘लिस्ट’ ही भूमिका स्पष्टपणे देतात.